रानभाजी: इतिहासाने दुष्काळातच पाहिलेलं अन्न

आजचा विषय ताटाच्या कोपऱ्यातला आहे. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाने टाकळा आणि कुर्डूवर बोलावं याचं काहींना नवल वाटेल. पण एखादी वस्तू काय आहे आणि तिला काय म्हणतात, या दोहोंतलं अंतर मोजणं हा आमचा जुना धंदा. आणि ते अंतर रानभाजीइतकं ठळक फार थोड्या ठिकाणी दिसतं. एकच रोप शेतमालकाला तण वाटतं, निंदायला आलेल्या बाईला भाजी वाटते, वैद्याला औषध. सरकारी दप्तरात ते दुष्काळी अन्न होतं. अलीकडे त्याला सुपरफूडही म्हणू लागले आहेत. रोप तेच, पण यातल्या कोणत्या नावाने आपण ते ओळखतो यावर ते पुढच्या वर्षी उगवणार की नाही हे ठरतं. आज याच अंगाने रानभाजीचा इतिहास पाहायचा आहे.

सुरुवात 'रान' या शब्दापासून करू. देशावरच्या बोलीत एखादा 'रानात गेलाय' म्हणजे जंगलात गेला असं नाही, तो शेतावर गेला. 'रान चांगलं आहे' म्हणजे जमीन चांगली आहे. 'गावरान' या शब्दात तर गाव आणि रान एकमेकांना चिकटून बसले आहेत. शहरात येता येता मात्र रान म्हणजे जंगल एवढाच अर्थ उरला, आणि रानभाजी म्हणजे आदिवासींनी जंगलातून आणलेली कसलीशी भाजी, अशी समजूत झाली. ती अर्धीच खरी आहे. शेवळं, भारंगी, फोडशी या डोंगरउताराच्या आणि झाडोऱ्याच्या भाज्या, हे बरोबर. पण तांदुळजा, घोळ, चिवळ, पाथरी, कुंजीर, चाकवत या माणसाने नांगरलेल्या जमिनीच्या भाज्या आहेत. जमीन उकरली, खत पडलं, पाणी मिळालं की त्या येतात. त्यांना कोणी पेरलं नाही, पण माणसाची शेती नसती तर त्या इतक्या पसरल्याही नसत्या. म्हणजे त्या धड रानटीही नाहीत आणि धड पाळीवही नाहीत. आपल्या वर्गीकरणात अशांना जागा नसते, आणि ज्याला जागा नसते त्याची नोंदही राहत नाही.

नोंद जुन्या काळी नव्हती असं मात्र नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सत्ताविसाव्या अध्यायात शाकवर्ग आहे. त्यात वास्तुक म्हणजे आपला चाकवत, तंडुलीयक म्हणजे तांदुळजा, चांगेरी म्हणजे आंबुशी, उपोदिका म्हणजे मायाळू आणि काकमाची म्हणजे कामोणी, ही मंडळी आहेत. टाकळ्याचं संस्कृत नाव चक्रमर्द. गजकर्णाची चकंदळं घालवणारा, असा त्याचा अर्थ. पण वैद्याची दृष्टी गुणदोषांची. कोणती भाजी वात वाढवते, कोणती सारक आहे, हे ग्रंथात सापडेल. ती कोणी खुडली, कुठून आणली, गरिबाच्या घरी आठवड्यातून किती वेळा शिजली, हे तिथे सापडणार नाही.

ते सापडावं म्हणून आपण पुढे आलो, तर गाठ पडते इंग्रजी दप्तराशी. आणि ही गाठ पुण्यातच पडते. सी.ओ.ई.पी. म्हणून आज जे ओळखलं जातं, ते एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी 'कॉलेज ऑफ सायन्स' होतं. तिथले जुने प्राचार्य थिओडोर कूक यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध केला. तिथेच वनस्पतिशास्त्र शिकवणारे जी. ए. गॅमी यांनी १९०२ साली भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या नोंदींमध्ये एक टिपण छापलं. विषय होता मुंबई इलाख्यात दुष्काळात आणि टंचाईत खाल्ल्या जाणाऱ्या वनस्पती. त्याआधी १८८६ साली गॅझेटिअरच्या वनस्पतिशास्त्राच्या खंडात, मूळचे गोव्याचे डॉ. जे. सी. लिस्बोआ यांनीही इलाख्यातल्या उपयुक्त वनस्पतींबद्दल लिहिताना दुष्काळातल्या अन्नाची दखल घेतली होती.

तारखा बघा. लिस्बोआंच्या पाठीमागे १८७६ ते ७८ चा दुष्काळ आहे. गॅमींच्या पाठीमागे १८९६-९७ आणि १८९९-१९०० हे दोन. लोक काय खाऊन जगताहेत, हा प्रश्न सरकारला तेव्हाच पडला, कारण लोक मरत होते. चांगल्या वर्षी आषाढात कुणाच्या चुलीवर टाकळा शिजतो आहे, याच्याशी सरकारला काय देणंघेणं? घराला आग लागली की पंचनामा होतो. पण नुसत्या पंचनाम्यांवरून घराचा इतिहास लिहायला बसलात, तर ते घर कायम जळतच होतं असं वाटेल. रानभाजीचं हेच झालं. नोंद दुष्काळात झाली, म्हणून अन्न दुष्काळाचं ठरलं. गॅमी किंवा लिस्बोआ यांना दोष द्यायचा नाही. त्यांनी मन लावून काम केलं, आणि त्यांनी केलं नसतं तर आपल्या हाती तेवढंही नसतं. दोष आहे तो पुढे त्या यादीवरून अर्थ काढणाऱ्यांचा.

खरोखरच दुष्काळात खाल्लं गेलेलं अन्न होतं, तेही विसरायला नको. बरबडा हे त्याचं नाव. १९७२ चा दुष्काळ पाहिलेली माणसं आजही बरबड्याच्या भाकरीची आठवण काढतात. ते एका रानटी रोपाचं बी, धान्य संपलं म्हणून दळलेलं. त्या वर्षी रोजगाराच्या कामांवर लोक खडी फोडत होते, सुकडी वाटली जात होती, अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो ज्वारी रेशनवर मिळत होती. बरबडा सुकाळात कुणी हौसेने खाल्ला नाही. पण बरबडा आणि तांदुळजा एकाच यादीत बसवले की तांदुळज्यालाही गरिबीचा वास लागतो. मग दोन पैसे गाठीला आल्यावर माणूस पहिल्यांदा काय सोडतो? ज्याची लाज वाटते ते. कोबी, फ्लॉवर, बटाटा ही प्रतिष्ठेची भाजी झाली आणि घोळ, चिवळ ही 'आमच्या आजीच्या वेळची'.

लाजेच्या आधी एक अडवणूकही झाली होती. महात्मा फुल्यांनी १८८३ साली लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये ती नेमकी सांगितली आहे. थोडक्या जमिनीचा शेतकरी पूर्वी आसपासच्या जंगलातली उंबरं, जांभळं खाऊन, पळस-मोहाची पानंफुलं आणि लाकूडफाटा विकून, गायरानात एखादी गाय नि दोन शेळ्या चारून गावात टिकून राहत असे. सरकारच्या जंगलखात्याने डोंगर, दऱ्या, पडीक जमिनी ताब्यात घेतल्या आणि त्याचा तो आधार गेला, असं फुले म्हणतात. भारतीय वन कायदा १८७८ चा, म्हणजे असूडाच्या आधी पाचच वर्षांचा. रान सरकारजमा झालं, तिथून रानात पानं खुडणं ही मेहेरबानी झाली. त्यावर कायद्याने हक्क म्हणून शिक्का बसायला २००६ चा वनहक्क कायदा यावा लागला. त्यात गौण वनोपजाच्या व्याख्येत कंद, मुळं, औषधी वनस्पती वगैरे आले. एकशे अठ्ठावीस वर्षं! एवढ्या काळात कातकरी, ठाकर, महादेव कोळी या समाजांनी हे ज्ञान टिकवलं ते चोरून-मारून, शिक्षा सोसून. आज आपण महोत्सवात 'आदिवासींचा ठेवा' म्हणून त्याचं कौतुक करतो, तेव्हा एवढं तरी आठवावं.

देशावरच्या शेतकरी आणि पांढरपेशा घरांत रानभाजी टिकवण्याचं काम मात्र वेगळ्याच गोष्टीने केलं: ऋषिपंचमीने. भाद्रपद शुद्ध पंचमीला बैलाच्या श्रमाचं खायचं नाही, असा नियम. म्हणजे नांगरटीचं धान्य नको, हाताने लावलेलं किंवा आपोआप उगवलेलं चालेल. हे व्रत ज्या समजुतीवर उभं आहे, मासिक पाळीच्या काळात बाईच्या हातून घडलेल्या कथित दोषाचं परिमार्जन, ती समजूत आम्हाला मुळीच मान्य नाही, आणि कुणाला असूही नये. पण इतिहासात असं होतं: वाईट कारणासाठी चांगली गोष्ट जपली जाते. अळू, माठ, अंबाडी, सुरण, पडवळ यांची मिळून केलेली ती ऋषीची भाजी वर्षातून एकदा तरी बाईला बांधावर, परसात नेत होती. आईकडून मुलीकडे ओळख जात होती. आता मंडईत त्याच भाजीचा तयार वाटा मिळतो. ती शेतं ट्रॅक्टरने नांगरलेली असतात. बैलाचे श्रम नाहीत, तेव्हा नियम शब्दशः पाळला गेला म्हणायचं! शिवाय त्या वाट्यात मक्याचं कणीस आणि लाल भोपळा असतो, आणि दोन्ही मूळचे अमेरिकेचे. ऋषींना त्यांचा पत्ता असण्याचं कारण नाही.

हा विनोद सोडा, पण 'देशी' म्हणजे काय हा प्रश्न त्यातून गंभीरपणे उभा राहतो. आपलं सर्वांत मराठी ताट कोणतं? ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, वर लसणाची फोडणी. ज्वारी मूळची आफ्रिकेची. बाजरी आणि नाचणीही तिथल्याच. अंबाडीचं मूळही आफ्रिकेत, चवळीचंही. यातली धान्यं हजारो वर्षांपूर्वी इकडे आली, इथल्या पावसाला सरावली, त्यांना मराठी नावं मिळाली, म्हणी मिळाल्या. आम्हाला विचाराल तर देशीपण जन्मावरून ठरत नाही. मुक्काम किती, आणि मुक्कामात नातं किती जोडलं, यावरून ते ठरतं.

आणि म्हणूनच आफ्रिकेची गोष्ट आपल्याला परकी वाटू नये. केनियात माठाच्या जातीची भाजी आहे, कामोणीच्या कुळातली 'मनागू' आहे, चवळीचा कोवळा पाला आहे. आपल्याकडे पांढरी तिळवण म्हणून शेतात येते आणि उपटून टाकली जाते, ती तिथली मानाची भाजी. वसाहतीच्या काळात तिथेही कोबी-केल आले. केलच्या भाजीला लोक 'सुकुमा विकी' म्हणू लागले, म्हणजे आठवडा ढकलणारी. जुन्या भाज्या तण ठरल्या, गरिबांच्या ठरल्या. हुबेहूब आपलीच कथा. फरक पुढे पडला. मेरी अबुकुत्सा-ओन्यांगो या उद्यानविद्येच्या प्राध्यापकबाईंनी आणि पॅट्रिक माउंडू यांच्यासारख्या लोकवनस्पतिशास्त्रज्ञांनी या भाज्यांवर अनेक वर्षं काम केलं. बियाणं, लागवड, पाककृती, पोषण, सगळं. त्या भाज्या नैरोबीच्या बाजारात परतल्या. पारंपरिक खाद्य जपण्याच्या केनियाच्या या कामाची २०२१ साली युनेस्कोने अनुकरणीय प्रयत्न म्हणून नोंद केली. आमच्या मते त्यांच्या यशाचं मर्म एवढंच, की त्यांनी भाजीला 'वारसा' म्हणण्याआधी तिचं बी शेतकऱ्याच्या हाती दिलं.

आपल्याकडे असं कोणी केलं नाही का? केलं. धागा लांबचा आहे, पण तो आपल्या वारज्यापर्यंत येतो. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योग संघाचं काम सुरू झालं, तेव्हा गांधीजी १९३५ साली 'हरिजन'मध्ये हिरव्या पाल्याच्या अन्नमूल्यावर लिहीत होते आणि स्वतःवर प्रयोग करत होते. दारात फुकट उगवणारं पान खेड्यातला माणूस का खात नाही, हा त्यांचा प्रश्न. मार्च १९४६ मध्ये ते उरुळी कांचनला आले. तिथे निसर्गोपचार आश्रम उभा राहिला आणि मणिभाई देसाई हा तरुण कार्यकर्ता तिथेच राहिला. त्याच मणिभाईंनी १९६७ साली 'बाएफ' ही संस्था काढली. तिचं मुख्यालय आज इथे वारज्यात, महामार्गालगत आहे. आपल्यापैकी निम्मे लोक रोज त्यावरून जात असतील. बाएफचं नाव झालं ते गाईंच्या संकरासाठी. पण पुढे याच संस्थेने देशी बियाण्यांचं काम हाती घेतलं, आणि अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांच्या बियाणे बँकेला तिची साथ मिळाली. राहीबाईंना २०२० ची पद्मश्री मिळाली, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यांनी जपलं ते मुख्यतः गावरान वाण: वाल, घेवडे, भात, परसातल्या भाज्या. म्हणजे पेरून जपायचं बी. न पेरता येणाऱ्या भाज्यांचं काय, हा प्रश्न उरतोच.

त्या भाज्यांवरही पुण्यात काम झालेलं आहे. विधी महाविद्यालय रस्त्यावरची, आज आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखली जाणारी संस्था. तिथल्या वा. द. वर्तकांनी माधव गाडगीळांबरोबर देवरायांचा अभ्यास केला, हे बऱ्याच जणांनी वाचलेलं असतं. पण १९८० च्या दशकात वर्तक आणि डी. के. कुलकर्णी यांनी पुणे आणि शेजारच्या जिल्ह्यांच्या डोंगराळ भागातल्या पावसाळी रानभाज्यांवरही लिहिलं. नीट बघा, 'दुष्काळी' नाही, 'पावसाळी'. गॅमींपासून जवळपास ऐंशी वर्षांनी भाजीला संकटाऐवजी ऋतूचं नाव मिळालं. हा बदल आम्हाला फार मोठा वाटतो.

त्यानंतर महाराष्ट्र शासनाने २०२० पासून ९ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनी, रानभाजी महोत्सव सुरू केला. महोत्सव चांगलाच आहे. चार बायकांना चार पैसे मिळतात, मुलांना नावं कळतात. पण महोत्सवाच्या टेबलावर आलेली जुडी कुठल्या जमिनीतून आली हे कोणी विचारत नाही, आणि खरा प्रश्न तिथेच आहे. शेतातली रानभाजी टिकली होती ती निंदणीमुळे. खुरपं हातात घेऊन बाई ओळीने बसत जाते. उपटलेल्यातलं निरुपयोगी बांधावर टाकते आणि तांदुळजा, कुंजीर, पाथरी ओटीत घालते. संध्याकाळची भाजी मजुरीच्या वर मिळालेली. तणनाशक आलं आणि हे दोन्ही एकदम गेलं, बाईची मजुरीही आणि तिच्या ओटीतली भाजीही. सोयाबीनच्या, उसाच्या पट्ट्यात फवारलेल्या बांधावरचं पान आता जाणती बाई तोंडात घालत नाही, आणि ते बरोबरच आहे. या नुकसानीची नोंद कोणत्या खात्यात करणार? उत्पादनाच्या आकडेवारीत ही भाजी कधी नव्हतीच. त्यामुळे ती गेल्याचंही त्या आकड्यांत दिसत नाही.

डोंगरातल्या भाज्यांची गोष्ट उलटी आहे. तिथे मागणीच भाजीच्या मुळावर आली. फोडशीचं उदाहरण घ्या. तिच्या कुळातल्या एका जातीच्या शास्त्रीय नावात चक्क बोरिवली आहे. पानं खुडली तर कंद जमिनीत राहतो आणि पुढच्या मृगाला पुन्हा फुटतो. पण त्याच जातीचा कंद सफेद मुसळी म्हणून औषधाच्या बाजारात विकला जाऊ लागला आणि रानोमाळ कंद उकरले गेले. पान खाणाऱ्याने भाजी संपवली नाही, मूळ विकत घेणाऱ्याने संपवली.

म्हणून लागवडीबद्दल आमचं मत दोन तोंडांचं आहे, ते तसंच सांगतो. चाकवत, तांदुळजा, घोळ, अंबाडी, मायाळू या भाज्या खुशाल लावाव्यात, कुंडीत, गच्चीत, सोसायटीच्या मोकळ्या पट्ट्यात. १९९७ साली महापालिकेत येईपर्यंत वारजे हे गावच होतं. इथल्या मातीला या भाज्या नवीन नाहीत. पण शेवळं, भारंगी यांना कुंडीत आणायची घाई करू नये. त्या ज्या उतारावर, ज्या पालापाचोळ्यात येतात तो उतार राखणं हीच त्यांची लागवड. आषाढात मुळशीकडून, वेल्ह्याकडून, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यातून, बायका पाटी घेऊन येतात आणि रस्त्याच्या कडेला बसतात. त्यांच्याकडून घ्यावं, घासाघीस न करता घ्यावं आणि घेताना कृती विचारावी. कारण यादीत नाव असतं, कृती नसते. शेवळं घशाला खाजतात. त्यांच्याबरोबर काकडाची फळं किंवा चिंच-कोकम असं काही आंबट लागतं. भारंगी कडू, ती उकळून पाणी टाकून द्यायचं. पाटीवाल्या बाईला हे विचारलंत तर ती तुमच्याकडे जरा दयेने बघेल, पण सांगेल.

एक चिठ्ठी आली आहे, तिचं उत्तर देऊन थांबतो. विचारलंय, टाकळा नेमका कधी खुडायचा, आमचा दर वेळी चरचरीत होतो. पहिल्या चांगल्या पावसानंतर दोन-तीन आठवडे, रोप वीतभरही झालेलं नसतं तेव्हा, वरची कोवळी पानं. एकदा पिवळी फुलं दिसली की उशीर झाला. आणि भरपूर लसूण घाला.